एचटीएमएलमध्ये पीएचपी मिसळलेलं चालतं का? (वाचनालयाची जुनी साइट)

पुस्तकपेटी · गुरुवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथे संध्याकाळी देवघेव विभागात बसते आणि बीएस्सी कॉम्प्युटर झालंय म्हणून साइटही माझ्याकडेच आली. २००९ साली कुणाच्या तरी ओळखीच्या मुलाने ती पीएचपीत (सर्व्हरवर चालणाऱ्या वेबच्या भाषेत) करून दिली होती. तो आता या कामात नाही. पुस्तक शोधणं, देवघेव, वर्गणी आणि दंडाची पावती, थकबाकीची यादी, एवढंच तिच्यात आहे. पण सोमवारची सुट्टी सोडली तर रोज तिच्यावरच काउंटर चालतो.

मागच्या आठवड्यात होस्टिंगवाल्यांचा मेल आला की पीएचपी ५.६ बंद करतोय, महिनाअखेरपर्यंत ८ वर या. घरच्या लॅपटॉपवर ८ टाकून बघितलं तर पहिलंच पान कोरं. डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारणारं माय-एसक्यूएल-क्वेरी हे फंक्शनच भाषेतून गेलंय. शोध मारला तर ६३ ठिकाणी ते वापरलंय, आणि त्यातली बहुतेक एचटीएमएलच्या, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या टॅगांच्या, मधोमध आहेत. देवघेवीचं पान ११४० ओळींचं. टेबल सुरू होतं, मध्येच क्वेरी, क्वेरीच्या लूपमध्ये टीआर (टेबलाची ओळ), टीआरच्या आत टीडी (रकाना), आणि त्या टीडीत पुस्तकाचं नाव आणायला पुन्हा क्वेरी.

त्यात परवा एक आजोबा पावती घेऊन परत आले. म्हणाले, “मी बारा रुपये दिले, पावतीवर चौदा कसे?” आमचा नियम असा: मुदत संपली की रोज एक रुपया, आणि दोन वर्षांपूर्वी कार्यकारिणीने ठराव केला की सोमवार मोजायचा नाही. तो बदल मीच देवघेवीच्या पानात केला होता. पावतीच्या फाइलीत तेच गणित वेगळं लिहिलेलं आहे हे मला माहीत नव्हतं. चौदा दिवसांत दोन सोमवार. स्क्रीनवर १२, पावतीवर १४. संध्याकाळी रोजकीर्द जुळवताना दोन-चार रुपये कमी का पडतात ते आत्ता कळलं.

पुण्यातली माझी मैत्रीण म्हणते एचटीएमएलमध्ये पीएचपी लिहायचीच नाही, ट्विग (पानांचे साचे, म्हणजे टेम्पलेटं, लिहायचं इंजिन) वापर. दुसऱ्या एकाने रिॲक्टचा (जावास्क्रिप्टमध्ये पानं बनवायच्या लायब्ररीचा) कोड दाखवला, तर तिथे टॅगांच्या आतबाहेर सगळीकडे जावास्क्रिप्ट, आणि त्याला कुणी नाव ठेवत नाही. मग नेमकं बरोबर काय? मला रोज दोन तास मिळतात. सगळं नव्याने लिहू, की आहे तेच दुरुस्त करू?

अजून एक. इंग्रजी पुस्तकाच्या नावात अपॉस्ट्रॉफी असेल तर दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये नाव तिथेच तुटतं, आणि जतन केलं की तुटलेलंच जतन होतं. हाही याच घोळाचा भाग आहे का?

---

लालमाती · गुरुवार, रात्री ११:०५

ताई, जुन्याला ठिगळं लावू नका. लाराव्हेल हे पीएचपीचं तयार फ्रेमवर्क घ्या. ब्लेड या त्याच्या टेम्पलेट इंजिनात दोन महिरपी कंसांत लिहिलेलं आपोआप एस्केप होतं (अवतरणासारखी खास चिन्हं निरुपद्रवी रूपात बदलली जातात), त्यामुळे तुमचा अपॉस्ट्रॉफीचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. क्वेऱ्या मॉडेलमध्ये, निर्णय कंट्रोलरमध्ये, टेम्पलेटमध्ये फक्त दाखवणं. मी रत्नागिरीकडच्या दोन शाळांच्या साइट अशाच नव्याने केल्या. पहिले आठ दिवस जड जातात, मग हात बसतो.

---

पंचगंगाकाठ · शुक्रवार, सकाळी ६:५०

पुस्तकपेटी ताई, लालमाती सांगतात ते चुकीचं नाही. मीही नवीन काम लाराव्हेलमध्येच करतो. पण तुमच्यापुढे महिनाअखेर आहे आणि काउंटर एक दिवसही बंद ठेवता येत नाही. शिवाय नव्याने लिहायला बसलं की सोमवारासारखे नियम हरवतात. ते कुठल्या वहीत नसतात, त्या ११४० ओळींतच असतात. म्हणून मी दुसरी वाट सांगतो.

आधी मूळ प्रश्न. एचटीएमएलमध्ये पीएचपी दिसली की कोड वाईट, हे मला मान्य नाही. ही भाषा तिथेच वाढली. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ती लोकांपुढे ठेवली आणि त्याच वर्षी एचटीएमएलच्या पोटात लिहायची तिची पद्धत आली. यादी असेल तर लूप फिरवायचा, सभासदाचा फोन नसेल तिथे रेघ काढायची, हे टेम्पलेटचंच काम आहे. ते ट्विगमध्ये लिहा, ब्लेडमध्ये लिहा किंवा साध्या पीएचपीत. पीएचपीत लिहायचं तर लूपला फॉरईच आणि एंडफॉरईच वापरा, महिरपी कंस नकोत. पन्नास ओळींनंतर येणारा एकटा बंद कंस कुणाचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

मी २००७ साली कोल्हापुरात एका लहान ऑफिसात लागलो तेव्हा तिथे कडक नियम होता: टेम्पलेटमध्ये पीएचपीचा एकही टॅग नको, सगळं स्मार्टी या टेम्पलेट इंजिनात. कारण असं दिलं होतं की डिझायनर टेम्पलेट उघडेल आणि त्याला कोड दिसता कामा नये. साडेतीन वर्षं मी तिथे होतो. डिझायनरने एकदाही टेम्पलेट उघडलं नाही, तो आम्हाला फोटोशॉपची फाइल द्यायचा. आणि आम्ही काय केलं? स्मार्टीतही ‘इफ’ होतं, ‘असाइन’ होतं, ‘मॅथ’ नावाचा गणिताचा टॅग होता. वर्षभरात एका पतसंस्थेच्या ठेवीचं व्याज आम्ही स्मार्टीच्या ‘मॅथ’मध्ये काढत होतो. पीएचपीचा एक टॅग नव्हता, नियम तंतोतंत पाळलेला होता, आणि व्याजाचं सूत्र कुठे आहे ते ऑफिसात दोघांनाच माहीत होतं. व्याजदर बदलला त्या तिमाहीत खातेउतारा आणि ठेव-पावती यांत फरक आला. ठेवीदार रांगेत उभे, आणि मी मागच्या खोलीत टेम्पलेटं उघडून दर शोधतोय. तुमच्या आजोबांची पावती वाचून ती दुपार आठवली.

म्हणून मी कोणता टॅग आहे ते बघत नाही. बघतो ते हे की पान छापायला सुरुवात झाल्यावरही कोड काही ठरवतोय का. सभासद आत आलाय की नाही, दंड किती, पुस्तक थकीत आहे की नाही, हे सगळं एचटीएमएलची पहिली ओळ बाहेर पडायच्या आधी ठरलेलं हवं.

तुमच्यासाठी रीत सोपी आहे. नवीन इंजिन नको, नवीन फोल्डरही आज नको. त्याच फाइलीत वर सगळं ठरवणं आणि खाली सगळं दाखवणं, मध्ये एक आडवी रेघ. खालून क्वेरी उचला, वर न्या, निकाल एका ॲरेत (यादीत) ठेवा, खाली तो ॲरे फिरवा. तुम्हाला ६३ ठिकाणी हात लावावाच लागणार आहे, कारण ती जुनी फंक्शनं पीएचपी ७ मध्येच काढून टाकली. मग पीडीओमध्ये (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची आजची रीत) बदलताना प्रत्येक क्वेरी जागच्या जागी बदलू नका, बदलता बदलता रेघेच्या वर घ्या. श्रम जवळजवळ तेवढेच. आणि प्रिपेअर करूनच (क्वेरी आधी, तिच्यातल्या किमती वेगळ्या देऊन) चालवा, सभासदाने शोधखिडकीत टाइप केलेलं थेट क्वेरीत जोडू नका.

वर नेताना तुम्हाला तीन गोष्टी सापडतील असं मला वाटतं.

टीडीतली क्वेरी. थकबाकीच्या यादीत ५० ओळी असतील आणि प्रत्येक ओळीला पुस्तकाचं नाव एकदा, सभासदाचं नाव एकदा विचारलं जात असेल, तर एका पानाला १०१ क्वेऱ्या. वर आणल्या की त्या आपोआप शेजारी शेजारी दिसतात आणि जॉइन लावून (टेबलं जोडून) एकीत बसतात. एचटीएमएलमध्ये विखुरलेल्या असल्यामुळेच कुणाच्या लक्षात आलं नसेल.

दुसरं, फाइलीच्या अगदी पहिल्या ओळीला ओबी-स्टार्ट आहे का बघा. त्या काळच्या कोडमध्ये ते हमखास असतं. लॉगिनची तपासणी पानाच्या मध्यावर, तोवर एचटीएमएल निघून गेलेलं, मग ‘हेडर्स (पानाच्या आधी ब्राउझरला जाणाऱ्या सूचना) आधीच पाठवले’ अशी तक्रार येते. ती दिसू नये म्हणून ओबी-स्टार्ट लावून सगळं आउटपुट धरून ठेवायचे. तपासणी वर गेली की त्याची गरज राहत नाही. आणि जिथे जिथे लॉगिनच्या पानाकडे पाठवणारा हेडर आहे, त्याच्या पुढच्याच ओळीत एक्झिट (कोड तिथेच थांबवणारी आज्ञा) आहे ना हे डोळ्यांनी तपासा. एक्झिट नसेल तर ब्राउझर लॉगिनकडे जातो खरा, पण खालचा कोड चालूच राहतो आणि सभासदांची यादी त्याच उत्तरात बाहेर जाते. ब्राउझर ती दाखवत नाही इतकंच. मी हे एका चालू साइटवर पाहिलंय, सहा वर्षं तसंच होतं. यादीत लोकांचे पत्ते होते.

तिसरं दंडाचं फंक्शन. ते वेगळ्या फाइलीत, एकच. देय तारीख आणि परतीची तारीख घेतं, रुपये देतं.

आता अपॉस्ट्रॉफी. हा वेगळा प्रश्न आहे आणि माझ्या मते टेम्पलेट इंजिन वापरायचं खरं कारण हेच. तुमच्या फॉर्ममध्ये व्हॅल्यू एकेरी अवतरणात लिहिलेली असणार. एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स हे एस्केप करणारं फंक्शन पीएचपी ८.१ च्या आधी काही न सांगता वापरलं तर फक्त दुहेरी अवतरण बदलायचं, एकेरी तसंच सोडायचं. ८.१ पासून दोन्ही बदलतं. पण सर्व्हरच्या आवृत्तीवर विसंबू नका. ‘ई’ नावाचं एका अक्षराचं फंक्शन लिहा, त्यात ईएनटी-कोट्स (दोन्ही अवतरणं बदलायचा पर्याय) आणि यूटीएफ-८ स्पष्ट द्या, आणि रेघेच्या खाली जे जे छापाल ते ‘ई’मधून छापा. सभासदाचं नावसुद्धा, दाखल क्रमांकसुद्धा. एस्केप करायचं ते छापतानाच. वर करून डेटाबेसमध्ये ठेवलं तर पुढे पावतीवर अँपरसँडची चिन्हं उमटतात.

हे हाताने करताना एखादी जागा सुटणारच. ट्विग आणि ब्लेड इथे मदत करतात, कारण त्यांत विसरलात तरी एस्केप होतं, आणि कच्चं छापायचं तर मुद्दाम वेगळं लिहावं लागतं. म्हणजे तुमच्या मैत्रिणीचा सल्ला चांगला आहे. फक्त तो या महिन्याचा नाही. रेघ मारून झाली की खालचा भाग ट्विगमध्ये न्यायला एका पानाला एक संध्याकाळ पुरते. रेघ नसताना नेलात तर माझ्या पतसंस्थेसारखं होईल.

---

रात्रपाळी · शुक्रवार, रात्री ९:३०

रिॲक्टचा उल्लेख आला म्हणून लिहितो, मी गेली सात वर्षं त्यातच आहे. २०१३ मध्ये जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारखे टॅग लिहायची रिॲक्टची पद्धत) पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ‘एचटीएमएल आणि कोड वेगळे ठेवा’ असं शिकलेल्या लोकांना ते खटकलंच होतं. त्यामागचा विचार असा की बटणाचा मार्कअप आणि ते बटण दाखवायचं की नाही हे सांगणारा कोड नेहमी एकत्रच बदलतात, मग ते दोन फाइलींत ठेवून काय मिळतं? हे मला अनुभवाने पटलंय. एक गोष्ट शोधायला तीन फाइली उघडाव्या लागत नाहीत.

पण पंचगंगाकाठ म्हणतात ती चूक आमच्याकडेही होते. गेल्या वर्षी आमच्या कामात सवलतीचं गणित एका कॉम्पोनंटमध्ये (पानाच्या एका तुकड्यात) लिहिलेलं निघालं. मोबाइल ॲप वेगळं होतं, त्यात तेच गणित दुसऱ्याने लिहिलेलं. वेबवर एक किंमत, फोनवर दुसरी. आम्ही गणित सर्व्हरवर नेलं आणि दोन्हीकडे तयार आकडा पाठवायला लागलो.

एस्केपचं म्हणाल तर रिॲक्ट मजकूर आपोआप एस्केप करतं. कच्चं एचटीएमएल घालायचं असेल तर त्या प्रॉपर्टीच्या नावातच ‘डेंजरसली’ शब्द आहे. नाव टाइप करतानाच हात थांबतो, कोड तपासणाऱ्याच्याही डोळ्यांत येतं.

ताई, एक जागा मात्र जपा. पानात स्क्रिप्ट टॅगच्या आत पीएचपीने डेटा ओतलेला असेल तर तिथे ‘ई’ उपयोगाचं नाही, तिथे जेसन-एन्कोड (डेटा जावास्क्रिप्टला कळेल अशा रूपात देणारं फंक्शन) लागतं, आणि त्यात जेसन-हेक्स-टॅगचा पर्याय द्या. एचटीएमएलचं आणि जावास्क्रिप्टचं एस्केपिंग वेगळं.

---

पुस्तकपेटी · पुढचा गुरुवार, रात्री १०:४५

सगळ्यांचे आभार. आठवडाभर बसले. देवघेवीचं पान पूर्ण झालं, ११४० ओळींचं ५२० वर आलं. बाकीच्या ओळी गेल्या कुठे म्हणून मी घाबरले होते. मग दिसलं की सभासद शोधायची क्वेरी त्याच पानात चार वेळा लिहिलेली होती.

ओबी-स्टार्ट होतं, पहिल्याच ओळीत. आणि दोन हेडरांनंतर एक्झिट नव्हतं. त्यातला एक थकबाकीच्या यादीचा होता, नावं आणि फोन नंबर असलेला. तो मी त्याच रात्री चालू साइटवर दुरुस्त केला, महिनाअखेरीची वाट बघितली नाही.

थकबाकीच्या यादीत अडकलेय. दंडाचं फंक्शन केलं, वेगळ्या फाइलीत. आमच्याकडे सगळे आकडे देवनागरीत दाखवायचे असा अध्यक्षांचा आग्रह आहे आणि मलाही तेच आवडतं. म्हणून फंक्शनमधूनच ‘१२’ असं देवनागरी परत पाठवलं. एकेका ओळीत नीट दिसतं, पण खाली एकूण दंड शून्य येतोय. शिवाय सात दिवसांपेक्षा जास्त थकलेली ओळ लाल करायची आहे, ती अट टेम्पलेटमध्ये लिहिली तर चालेल का? आणि पावतीच्या फाइलीतही आता तेच फंक्शन बोलावते, म्हणजे १२ आणि १४ चा प्रश्न मिटला ना?

---

पंचगंगाकाठ · शुक्रवार, सकाळी ६:३०

एक्झिटचं त्याच रात्री केलंत हे फार बरं झालं.

शून्याचं कारण: पीएचपीला देवनागरी ‘१२’ ही अक्षरं वाटतात, संख्या नाही. पूर्णांकात बदलायला सांगितलं तर ० मिळतो. म्हणून रेघेच्या वर संख्या ही संख्याच ठेवा, बेरीज तिथेच करा, आणि देवनागरी छापतानाच, ‘ई’च्या शेजारी. होस्टिंगवर इंटल (भाषेप्रमाणे आकडे-तारखा मांडणारं) एक्स्टेन्शन असेल तर नंबर-फॉर्मॅटरला मराठीचं लोकेल दिलं की तो आपणहून देवनागरी आकडे देतो. नसेल तर दहा अंकांची अदलाबदल करणारं फंक्शन स्ट्र-टीआरने एका ओळीत होतं. उलट बाजूही बघा. सभासद शोधखिडकीत दाखल क्रमांक देवनागरीत टाइप करतात का? करत असतील तर तो आत येताक्षणी साध्या अंकांत बदला, क्वेरीच्या आधी.

लाल ओळीची अट वर न्या. ‘सातपेक्षा जास्त’ हा वाचनालयाचा नियम आहे, उद्या कार्यकारिणी दहा करेल. वर प्रत्येक ओळीला ‘जुनी थकबाकी’ अशी हो-नाही खूण लावा, खाली फक्त खूण असेल तर लाल. लाल की जाड अक्षर हे टेम्पलेटने ठरवावं. टेम्पलेट इंजिन बनवणारे टेरेन्स पार यांनी २००४ मध्ये टेम्पलेट इंजिनांवर एक निबंध लिहिला होता, त्यात ते इथवर जातात की टेम्पलेटने एखादी किंमत आहे की नाही एवढंच विचारावं, तिची दुसऱ्या आकड्याशी तुलनाही करू नये. मी प्रत्येक ठिकाणी इतका कडक राहत नाही. ओळ क्रमांक सम की विषम बघून पट्टे रंगवायला मी टेम्पलेटमध्येच लिहितो. पण जिथे कार्यकारिणीचा ठराव आहे तिथे पारांचं ऐकतो.

पावतीचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. पावतीने दंडाचं फंक्शन बोलावूच नये. समजा पुढच्या वर्षी दर दोन रुपये झाला आणि कुणी या वर्षीच्या पावतीची दुसरी प्रत मागितली, तर तुमचं फंक्शन नव्या दराने २४ काढेल आणि पावती तेच छापेल, घेतले होते १२. दंड काउंटरवर घेतला त्या क्षणी ती रक्कम पावतीच्या टेबलात लिहा, पावती क्रमांक आणि तारखेसकट. पावतीच्या फाइलीने ती रक्कम वाचायची आणि छापायची, बाकी काही नाही. मग रोजकीर्दही त्याच टेबलाच्या बेरजेवरून निघते.

गेल्या दोन वर्षांतल्या पावत्यांवर सोमवार धरूनच आकडा छापला गेला असणार. स्थळप्रती असतील तर सोमवार ओलांडून गेलेल्या तेवढ्या बाजूला काढा आणि लेखापरीक्षणाच्या आधी सचिवांना दाखवा. नव्या टेबलात जुन्या रकमा भरताना फंक्शन चालवू नका, प्रत्यक्ष जमा झालेले पैसे रोजकीर्दीतून बघून भरा.